सिंहगडावरच्या बायका

बाजरीची कणसं खुडून झाली, ज्वारीची पेर आटोपली आणि दिवाळीच्या फराळाला अजून आठवडा होता, तेव्हा आमच्या गटातल्या सतरा जणी सिंहगडाला जाऊन आलो. आज त्याच गडाबद्दल बोलायचं आहे. आधी सांगून टाकतो, आम्ही काही इतिहासाच्या अभ्यासक नाही. पण गड चढताना प्रश्न पडले, घरी आल्यावर शाळेतल्या बाईंकडून पुस्तकं आणून आळीपाळीनं मोठ्यानं वाचली आणि जे कळलं ते तुमच्यापुढं ठेवतो आहोत.

जायचं ठरलं तेव्हा घराघरात एकच सवाल झाला. "गड चढून काय मिळणार? देव आहे का तिथं?" देवाला निघालं की बाईला कुणी अडवत नाही. आळंदी, जेजुरी, तुळजापूर म्हटलं की पिशवी भरून मिळते. नुसतं डोंगर बघायला जाते म्हटलं की भुवया वर जातात. आमच्यातल्या एकीनं सासूबाईंना सांगितलं, "गडावर कोंढाणेश्वराचं देऊळ आहे." ते खरंच आहे, म्हणून खोटंही बोलावं लागलं नाही!

पुण्याहून सिंहगड साधारण तीस किलोमीटर, नैऋत्येला. खडकवासल्याचं धरण मागं टाकलं की डोंगर दिसायला लागतो. वर मनोरा उभा असल्यामुळं लांबूनही ओळखू येतो. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 1300 मीटर. घाटाचा रस्ता थेट वर जातो, गाड्या जातात. आम्ही मात्र आतकरवाडीच्या पायवाटेनं चढलो. ज्यांचे गुडघे दुखतात त्या तिघी जीपनं वर गेल्या आणि पुणे दरवाजाजवळ आमची वाट पाहत बसल्या.

शरदातला डोंगर बघावा. पाऊस नुकताच सरलेला, आभाळ धुतल्यासारखं, उतारावर सोनकीची पिवळी फुलं, कडेला तेरडा. गवत कमरेएवढं वाढून टोकाला पिवळं पडायला लागलेलं. आमच्यातली एक म्हणाली, "एवढं गवत आपल्याकडं असतं तर दोन म्हशी जास्त पाळल्या असत्या." गवताची ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं ती लागणार आहे.

दसरा झाला की घर कुणी सांभाळलं?

आधी या ऋतूचाच इतिहास सांगतो. दसऱ्याला आपण सोनं लुटतो, सीमोल्लंघन करतो. हे सीमोल्लंघन पूर्वी खरंखुरं होतं. पावसाळ्यात नद्यांना पूर, वाटा चिखलाच्या, घोड्यांचे पाय रुतायचे. म्हणून मराठ्यांचं लष्कर पावसाळ्यात आपल्या मुलखात छावणीला असायचं आणि दसरा झाला की स्वारीला निघायचं. शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदानं ही शिस्त बखरीत नोंदवली आहे. आठ महिने बाहेर, चार महिने छावणीत. त्यातच आणखी एक नियम आहे. लष्कराबरोबर बायको, दासी, कलावंतीण कुणीही असू नये.

हा नियम वाचला तेव्हा आम्ही थोडा वेळ गप्प झालो. नियम चांगलाच. लष्करामागं बायकांची फरफट त्या काळात सगळीकडं चालायची, ती इथं बंद झाली. शत्रूच्या बायकांनाही हात लावायचा नाही अशी ताकीद होती. पण मग हिशेब मांडा. पुरुष दसऱ्याला निघाला, तो उन्हाळा संपताना परत. शरदात काय काय असतं? खरिपाची काढणी, मळणी, रब्बीची पेरणी. मावळात भातकापणी. मग ते सगळं कुणी केलं? घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी, पोरांनी आणि बायांनीच. मावळा लढला हे आपण शिकतो. मावळ्याच्या शेतात त्या वर्षी भात कुणी कापलं, हा प्रश्न आम्हाला शाळेत कुणी विचारलाच नव्हता.

कोंढाणा

सिंहगडाचं जुनं नाव कोंढाणा. 1328 च्या सुमारास दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याच्या फौजेनं या गडाला वेढा दिला. गडावर नागनायक नावाचा कोळी सरदार होता. त्यानं सुमारे आठ महिने गड लढवला. वर दाणागोटा संपला तेव्हा गड सोडावा लागला. तलवारीनं न पडलेला गड धान्याच्या कणगीपाशी पडला. वर्षाचं धान्य राखणं म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

पुढं गड आदिलशाहीत होता. शिवाजी महाराजांनी तो 1647 च्या सुमारास घेतला, शहाजीराजांच्या सुटकेसाठी 1649 मध्ये परत द्यावा लागला, नंतर पुन्हा मिळवला. 1665 मध्ये मिर्झाराजा जयसिंग चालून आला. पुरंदरचा तह झाला आणि तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणाही गेला. त्यानंतर आग्र्याची कैद, तिथून सुटका आणि मग गेलेले गड परत घेण्याचा धडाका.

4 फेब्रुवारी 1670, माघ वद्य नवमीची रात्र. तानाजी मालुसरे यांची ती रात्र आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. लेकाचं, रायबाचं लग्न बाजूला ठेवून तानाजी आले, यशवंती घोरपडीला दोर बांधून कडा चढले, ढाल तुटल्यावर हाताला शेला गुंडाळून लढले. गडावर एक गाईड काका पोरांना हेच रंगवून सांगत होते, आम्हीही उभं राहून ऐकलं.

घरी आल्यावर वाचलं तेव्हा कळलं की या गोष्टीचे दोन झरे आहेत. एक सभासदाची बखर आणि दुसरा तुळशीदास शाहिराचा पोवाडा. सभासदानं थोडक्यात लिहिलं आहे. तीनशे मावळे रात्री कडा चढून गेले, मोठी झुंज झाली, तानाजी आणि मोगलांचा किल्लेदार उदेभान दोघंही एकमेकांच्या हातून पडले. मग तानाजीच्या भावानं, सूर्याजीनं, धीर धरून गड घेतला. बखरीत घोरपड नाही. रायबाचं लग्न, घोरपड, शेलारमामा हे सगळं शाहिरांनी आणि लोकांनी जपलं. म्हणून ते खोटं म्हणून फेकून द्यायचं असं नाही. पण कोणती गोष्ट कुणी सांगितली, हे माहीत असलेलं बरं.

आता ते गवत. सभासद लिहितो की गड हाती आल्यावर मावळ्यांनी गडावरच्या पागेची गवती घरं पेटवली. तो उजेड महाराजांना राजगडावरून दिसला आणि गड घेतल्याचं त्यांना कळलं. कड्यावर उभं राहून पलीकडं राजगड पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. निरोप्याच्या घोड्याला जे साधलं नसतं, ते वाळल्या गवताच्या जाळानं साधलं. आमच्यातल्या थोरल्या काकू म्हणाल्या, "ते गवत कापून, भारे बांधून, डोक्यावर वर कुणी आणलं असेल गं?" याचं उत्तर कुठल्या बखरीत नाही. पण येताना वाटेत डोक्यावर भारा घेतलेल्या दोघी आम्हाला भेटल्या होत्या, त्यामुळं उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

आणखी एक गंमत. तानाजी गेले म्हणून महाराजांनी गडाला सिंहगड नाव दिलं असं आपण समजतो. पण 1663 सालच्या महाराजांच्या पत्रातच सिंहगड हे नाव आलेलं आहे, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी. ऐकून आमच्यातल्या एकीला वाईट वाटलं. तिला थोरल्या काकूंनी समजावलं, "अगं, नाव आधीचं असलं म्हणून त्याचं मरण काय लहान होतं का?"

सोंगट्यांच्या पटावर मागितलेला गड

तुळशीदासाच्या पोवाड्यात या लढाईची सुरुवात तानाजीपासून होत नाही. ती जिजाऊंपासून होते. जिजाऊंच्या नजरेला कोंढाणा पडतो. त्या शिवाजी महाराजांना निरोप धाडून बोलावून घेतात आणि सोंगट्या खेळायला बसवतात. डाव जिंकतात. काय हवं ते मागा म्हटल्यावर मागतात कोंढाणा.

हे असंच घडलं का? पुरावा नाही, ही शाहिराची रचना. पण मैत्रिणींनो, शाहिराला हे रचावंसं वाटलं आणि ऐकणाऱ्यांना ते पटलं, ही गोष्ट लहान नाही. जिजाऊ पुण्याला आल्या तेव्हा हा मुलूख ओस पडलेला होता. जहागिरीचा कारभार त्यांच्या नजरेखाली बसला. 1666 मध्ये महाराज आग्र्याला गेले तेव्हा मागं राज्याची काळजी त्यांच्याच शिरावर होती. आई गड मागते आणि लेक हुकूम देतो, हे लोकांना पटलं, कारण त्या घराचा कारभार लोकांनी पाहिलेला होता.

आणि दुसरं एक घर, लग्नघर. मांडव पडलेला, आमंत्रणं गेलेली आणि घरचा कर्ता लढाईला निघाला. पोवाडा ऐकताना आपण तानाजींच्या तोंडचे शब्द लक्षात ठेवतो. रायबाच्या आईच्या मनात काय आलं असेल? आमच्यात एक जण आहे, तिचे यजमान सैन्यात होते. ती म्हणाली, "मला माहीत आहे काय आलं असेल." यापुढं ती काही बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पंचाहत्तरीतल्या ताराराणी

गडावर राजाराम महाराजांची समाधी आहे. बरीच माणसं तानाजींचं स्मारक पाहतात आणि पिठलं-भाकरीकडं वळतात. आम्ही समाधीपाशी बसलो. संभाजी महाराजांना औरंगजेबानं मारल्यावर राजाराम महाराजांनी जिंजीला जाऊन राज्य टिकवलं. दरम्यान सिंहगड मोगलांनी घेतला होता. 1693 मध्ये नावजी बलकवडे यांनी तो पुन्हा मराठ्यांकडं आणला. मार्च 1700 मध्ये याच गडावर राजाराम महाराज वारले. वय तीसच.

आता राज्य संपलं असं औरंगजेबाला वाटलं. तेव्हा ताराबाई उभ्या राहिल्या. सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची ही लेक, राजाराम महाराजांची राणी. तेव्हा वय पंचवीस, मांडीवर लहानगा मुलगा. त्याला गादीवर बसवून सात वर्षं त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली. बादशहा एकेक गड घेत पुढं जायचा आणि मागं मराठे तोच गड परत घ्यायचे. सिंहगडाचंही तेच झालं. 1703 मध्ये बादशहानं गड घेतला, त्याचं नाव बदलून बक्षिंदाबक्ष ठेवलं आणि 1705 मध्ये मराठ्यांनी तो पुन्हा घेतला. नवं नाव कुणाच्या ओठावर बसलंच नाही. मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान, जो मराठ्यांबद्दल गोड लिहिणारा नव्हे, त्यालाही ताराबाईंची हुशारी आणि कारभार मान्य करावा लागला. 1707 मध्ये औरंगजेब नगरला मेला. विधवेला हरवता आलं नाही ते नाहीच.

पण आम्हाला जास्त भावली ती पुढची गोष्ट. डिसेंबर 1749 मध्ये शाहू महाराज वारले. राज्याची सूत्रं पेशव्यांकडं चालली होती. ताराबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात. नवऱ्याच्या समाधीचं दर्शन घ्यायचं आहे, असं सांगून त्या साताऱ्याहून निघाल्या आणि सिंहगडावर आल्या. खरं काम वेगळं होतं. गड पंतसचिवांकडं होता आणि त्यांना आपल्या बाजूला वळवून राज्याची सूत्रं हाती घ्यायचा त्यांचा बेत होता.

हे वाचल्यावर आम्ही जोरात हसलो. कारण आमच्यातल्या एकीनं देवळाचं नाव सांगून गड गाठला होता! अडीचशे वर्षं उलटून गेली तरी बाईला घराबाहेर पडायचं असलं की दर्शनाचंच कारण लागतं.

ताराबाईंचा तो बेत शेवटी तडीला गेला नाही. गड लवकरच पेशव्यांकडं गेला, त्याच्या बदल्यात पंतसचिवांना तुंग आणि तिकोना हे किल्ले मिळाले. ताराबाईंचं सगळंच बरोबर होतं असंही आम्ही म्हणत नाही. नातवाच्या बाबतीत त्या फार कठोर वागल्या. पण थोर बाई म्हणजे चूक न करणारी बाई, असं कुठं लिहिलं आहे? पुरुषांच्या चुका सांगूनही त्यांचे पुतळे उभे राहतात.

टाक्याचं पाणी

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात किल्ला कसा बांधावा ते दिलं आहे. त्यात तटाआधी, बुरुजाआधी पाणी पाहायला सांगितलं आहे. पाणी नसेल आणि ती जागा बांधणं भागच असेल, तर आधी खडक फोडून टाकी तयार करावीत. सिंहगडावर अशी कातळात खोदलेली टाकी जागोजाग आहेत. त्यातलं देवटाकं प्रसिद्ध. भर उन्हाळ्यातही त्याचं पाणी गार. महात्मा गांधी पुण्यात असताना मुद्दाम हे पाणी मागवत, असं गडावर सांगतात.

1 मार्च 1818 ला इंग्रजांच्या तोफा गडावर चालू होत्या, 2 मार्चला गड पडला. पुढं गोऱ्या साहेबांनी थंड हवेसाठी इथं बंगले बांधले. लोकमान्य टिळकही इथं येऊन राहायचे. त्यांचा बंगला अजून आहे. 1915 मध्ये टिळक आणि गांधींची भेट इथंच झाली.

त्या बंगल्याजवळ आम्हाला दहीवाल्या ताई भेटल्या. सिंहगडाचं मडक्यातलं दही तुम्ही ऐकलं असेल. आम्ही बचत गटातल्या बाया, हिशेब विचारल्याशिवाय राहवेना. ताईंनी सांगितलं, पहाटे तीनला उठायचं, म्हशीची धार, आदल्या रात्री विरजण लावलेली मडकी पाटीत नीट रचायची, मध्ये पेंढा कोंबायचा आणि पाटी डोक्यावर घेऊन चढायचं. "माझ्या सासूची सासू पण हेच करायची. तेव्हा रस्ता नव्हता. वर साहेब लोक असायचे, त्यांना दूध लागायचं. पाऊस असो, थंडी असो, पायवाटेनंच."

आम्ही विचारलं, "ताई, गडाचा इतिहास पोरांना तुम्ही सांगता का?" त्या हसल्या. "मला कुठं इतिहास येतो? मी नुसती चढते-उतरते."

आम्हाला हे बोलणं लागलं. तीन पिढ्या ज्या घरातल्या बाया रोज गड चढतात, त्या बाईला वाटतं की इतिहास आपल्याला येत नाही. गडाची कुठली वाट कधी निसरडी, कुठल्या टाक्याचं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं, रस्ता झाल्यावर धंदा कसा बदलला, हे सगळं तिला माहीत आहे. ते कुणी लिहून घेतलं नाही, एवढाच फरक.

आणि लिहून घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण याच मुलखात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यात सीता आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. ज्यांना सही करता येत नव्हती अशा बायांनी केवढा इतिहास तोंडी जपला होता! जातं गेलं, चक्की आली. चक्कीच्या आवाजात ओवी कुठून ऐकू येणार?

उतरताना सूर्य कलला होता. पहिल्यांदाच सासर-माहेराच्या वाटेशिवाय दुसऱ्या वाटेनं गेलेली आमची धाकटी सून पुढं पुढं उड्या मारत होती. थोरल्या काकू काठी टेकत मागून येत होत्या. मध्येच थांबून त्यांनी एक ओवी म्हटली. आईकडून ऐकलेली, चाळीस वर्षांत कुणापुढं म्हटली नव्हती म्हणाल्या. धाकटीनं मोबाईलवर ती धरून ठेवली.

तिथंच ठरलं. आता गटाच्या दर महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास एका म्हाताऱ्या बाईचा. 1972 च्या दुष्काळात खडी कुणी फोडली, गावची विहीर खोदताना माती कुणी वाहिली, पहिली मुलगी शाळेत कुणी धाडली, हे तिला विचारायचं आणि वहीत लिहायचं, मोबाईलमध्ये धरायचं. आतापर्यंत तिघींचं झालं. चौथ्या आजी ठरलेल्या बैठकीच्या आधीच गेल्या. त्यांचं पान वहीत कोरंच आहे. ते आम्ही फाडलेलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावाजवळ एखादा डोंगर असेल, गढी असेल, जुनी बारव असेल. पाऊस सरला आहे, वाटा सुकल्या आहेत, ऊन अजून तापलेलं नाही. पाण्याची बाटली, भाकरी-चटणी आणि पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट घ्या. गवतातून जाताना काठी आपटत चला, अंधाराच्या आत खाली या. घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. जाताना गावातल्या एका तरी थोरल्या बाईला बरोबर न्या. तिला चढवत नसेल तर पायथ्याशी बसवा, पण परत आल्यावर तिच्याशेजारी बसून विचारा, "आजी, तुमच्या वेळेला इथं काय होतं?" आणि तिनं सांगितलेलं त्याच दिवशी लिहून काढा. उद्यावर टाकू नका.